गाडीचा रेडिएटर जातोय हे कसं ओळखायचं? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मार्च लागला की हे प्रश्न सुरू होतात आणि नवतपा संपेपर्यंत थांबत नाहीत. कोणी दुकानावर येऊन विचारतं, कोणी फोन करतं, कोणी रात्री अकराला फोटो पाठवतं. फोटोत बोनेट उघडं असतं आणि खाली काहीतरी ओलं. तेच तेच पुन्हा सांगण्यापेक्षा इथे लिहून ठेवलं आहे. गाडी आत्ता रस्त्यात तापून उभी असेल तर बाकीचं सोडा, थेट प्रश्न ५ वाचा.

१. रेडिएटर नेमकं करतो काय? आणि उन्हाळ्यातच का जातो?

इंधन जळून जी उष्णता निघते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात, उतरतो. वॉटर पंप (गॅरेजमध्ये त्याला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात) ते कूलंट फिरवतो, साधारण ८२ ते ८८ अंशांवर थर्मोस्टॅट (तापमानावर उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) उघडतो, आणि गरम कूलंट रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाऊन हवेला उष्णता देऊन परत येतं. झाकण प्रेशर कुकरच्या शिटीसारखं काम करतं: आत दाब धरून ठेवतं, म्हणून कूलंट शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही.

आता दुसरा प्रश्न. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो, हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. जानेवारीच्या दुपारी हवा २५ अंश, कूलंट ९५, फरक ७०. मे महिन्यात हवा ४५; फरक ५०. म्हणजे तोच रेडिएटर, तीच गाडी, पण ताकद चौथ्या हिश्शाहून जास्त घटली. त्यात एसीची जाळी, म्हणजे कंडेन्सर, रेडिएटरच्या पुढे बसलेली असते, आणि ती आपली गरम हवा याच्या तोंडावर फेकते. नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश पाहिले आहेत. अर्धवट चोक झालेला रेडिएटर हिवाळाभर निभावून नेतो आणि मे महिन्यात हात टेकतो. बिघडलेला तो फेब्रुवारीतच असतो.

२. सगळ्यात पहिली खूण कोणती?

बाटलीतली पातळी. धूर, वाफ, लाल दिवा हे सगळं फार उशिरा येतं.

बोनेटखाली पांढुरकी प्लास्टिकची बाटली असते, तिच्यावर कमाल आणि किमान अशा दोन रेघा असतात. सकाळी, गाडी थंड असताना, सपाट जागेवर बघा. ही बंद यंत्रणा आहे. वर्षभरात केसभर कमी झालं तर ठीक, पण महिन्याकाठी पाणी टाकावं लागत असेल तर गळती आहे. बरेच लोक “गाडी थोडं पाणी पिते” असं कौतुकाने सांगतात, जणू घरचं जनावर आहे. कार पाणी पीत नाही. ते कुठेतरी जातंय, आणि तुम्ही दर रविवारी ओतून ते झाकताय.

त्यानंतरच्या खुणा साधारण या क्रमाने येतात. सिग्नलला एसीची हवा कोमट लागते आणि गाडी चालली की पुन्हा गार होते. बऱ्याच गाड्या इंजिन तापू लागलं की तापमानाच्या काट्यात काही दिसण्याआधीच एसीचा कॉम्प्रेसर बंद करतात. रेडिएटरचा पंखा पूर्वीपेक्षा जास्त वेळ घुमतो. गाडी उभी केल्यावर गोडसर, काकवीसारखा वास येतो. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीचा आणि अॅल्युमिनियमच्या जाळीचा जोड जिथे आहे, तिथे हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा दिसतो. कूलंट झिरपून वाळल्याचा तो डाग. काटा यानंतर चढतो.

३. माझ्या गाडीत काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा आहे. मग कळणार कसं?

निळा दिवा म्हणजे इंजिन अजून थंड आहे. थोडं चाललं की तो विझतो. मे महिन्यात तर सोसायटीच्या गेटपर्यंतही टिकत नाही. पाच-सात किलोमीटर गेल्यावरही निळा दिसत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा सेन्सर गेलाय.

लाल दिवा म्हणजे तापलं, थांबा. ‘पुढच्या चौकापर्यंत नेतो’ हा विचार मनात येईल. तो महाग पडतो. मधली पायरी दाखवायला या गाड्यांत काही नाही, म्हणून ज्यांच्याकडे काटा नाही त्यांनी बाटली आठवड्यातून एकदा बघायचीच (प्रश्न २).

४. गाडीखाली पाणी पडलंय. एसीचं आहे की रेडिएटरचं?

पांढरा कागद किंवा टिश्यू घेऊन त्यात टेकवा. एसीचं पाणी निर्मळ, बिनवासाचं, बोटाला पाण्यासारखंच. कूलंट रंगीत असतं, बोटांत चोळलं की बुळबुळीत लागतं, वास गोडसर. जागाही बघा: एसीचं पाणी बहुधा पुढच्या सीटच्या खालच्या बाजूला पडतं, रेडिएटरचं थेट पुढच्या नंबरप्लेटच्या मागे.

आपल्याकडची एक खास गोष्ट. एसीचं पाणी हवेतल्या बाष्पातून येतं, आणि मे महिन्यात नागपूरच्या हवेत बाष्प असतंच किती? जुलैत गाडीखाली तळं साचलं तर मी लक्ष देत नाही. कोरड्या मे महिन्यात तसं तळं दिसलं तर संशय घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, वर्षानुवर्षं साधं पाणी ओतलेल्या गाडीत रंगाची परीक्षा चालत नाही.

चाखून मात्र बघू नका. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड. सांडलं तर भरपूर पाण्याने धुऊन टाका, कुत्री चाटतात.

५. गाडी रस्त्यात गरम झाली. आत्ता काय करू?

बोनेटमधून वाफ येत असेल किंवा लाल दिवा लागला असेल तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. नुसता काटा चढत असेल, वाफ नसेल, आणि थांबायला जागा नसेल तर एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात. हो, ४५ अंशांत हीटर. हीटर हा केबिनमधला छोटा रेडिएटरच आहे. इंजिनाची थोडी उष्णता तो तुमच्या अंगावर काढतो. पाच मिनिटं घाम निघेल, पण हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाचेल.

थांबल्यावर बोनेट उघडा आणि सावलीत जाऊन बसा. अर्धा तास कमीत कमी, मे महिन्यातल्या दुपारी एक तास धरा. झाकणाला हात लावू नका. आत दाबाखाली धरलेलं १०० अंशांच्या वरचं पाणी असतं. झाकण सैल होताच ते एका क्षणात उकळून कारंज्यासारखं वर येतं. बुटीबोरीजवळ थांबलेले एक काका माझ्याकडे आले होते, मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी. रुमाल धरून उघडलं होतं म्हणाले. रुमालाने काय होतं?

इंजिन गार झाल्यावर वरचा जाड होज पाइप दाबून बघा. दगडासारखा घट्ट असेल तर अजून दाब आहे. मऊ झाला की जाड फडकं चौपदरी करून झाकण थोडंसं फिरवा, फुस्स आवाज थांबू द्या, मग काढा. पाणी हळूहळू घाला. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेडला तडा जातो किंवा ते वाकतं, आणि रेडिएटरचं काम इंजिनचं होऊन बसतं. पाणी घालून जवळच्या गॅरेजपर्यंत जा. वर्ध्याहून अमरावतीपर्यंत नाही.

६. सिग्नलला गरम होते, पण वर्धा रोडवर पळताना काहीच नाही. काय समजायचं?

हवा कमी पडतेय. पळताना हवा आपोआप जाळीतून जाते, उभ्या गाडीला पंखाच आधार. पंख्याची मोटर, रिले, फ्यूज, सेन्सर या क्रमाने बघायला सांगा. घरी तपासायचं तर एसी लावा: बहुतेक गाड्यांत एसी सुरू होताच थोड्या वेळात पुढचा पंखा फिरायला हवा. काही गॅरेजवाले “पंखा डायरेक्ट करून देतो” म्हणतात, म्हणजे चावी फिरवली की पंखा चालूच. एका दिवसाची सोय म्हणून ठीक आहे. कायमचं केलं तर मोटर लवकर जाते आणि मूळ दोष तसाच राहतो.

उलट असेल, म्हणजे गावात ठीक आणि हायवेवर तापते, तर रोग वेगळा. तिथे हवा भरपूर असते, पण इंजिनही जास्त उष्णता काढतं. नळ्या आतून चोक असतील, कूलंट कमी असेल किंवा वॉटर बॉडीची पाती झिजली असतील तर पुरं पडत नाही. समृद्धी महामार्ग झाल्यापासून हे रुग्ण वाढले. शिवमडक्याला चढले, १२० चा वेग धरला, तो तास-दोन तास सोडलाच नाही. पूर्वी ट्रॅफिक, गावं, गतिरोधक यांत गाडीला श्वास मिळायचा, आता मिळत नाही. जो दोष गावात वर्षभर कळला नसता तो तासाभरात बाहेर येतो. चिखलदऱ्याच्या घाटातही हेच: वेग कमी, गिअर खालचा, इंजिनावर भार पूर्ण.

आणि जाळी बाहेरून बघा. रात्रीच्या प्रवासातले किडे, धूळ, एप्रिलमध्ये उडणारा काटेसावरीचा कापूस, सगळं कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत जाऊन बसतं. समोरून स्वच्छ दिसतं, मध्ये गादी झालेली असते. साध्या नळीच्या पाण्याने इंजिनाच्या बाजूने पुढे असं धुवायचं. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला की पातळ पत्रे आडवे होतात, मग हवा जायची तेवढीही बंद.

७. कूलंट कशाला? आमच्या बाबांनी अॅम्बेसेडरमध्ये आयुष्यभर बोअरचंच पाणी टाकलं.

आणि आमच्या बाबांनी त्या अॅम्बेसेडरचे रेडिएटर आयुष्यभर दुरुस्त केले! ते तांब्या-पितळेचे होते. टाकी उकलायची, नळ्यांतून पट्टी घालून गाळ काढायचा, त्याला रॉडिंग म्हणतात, आणि परत झाळून द्यायचं. नळ्या रुंद होत्या, धातू सोशिक होता. आजचा रेडिएटर अॅल्युमिनियमचा, नळ्या चपट्या, टाक्या प्लास्टिकच्या.

तुमचा कूलर मे अखेरीस उघडून बघा. ताट्यांवर जो पांढरा, खरखरीत थर चढलेला असतो, नखाने खरवडला तरी निघत नाही, तोच थर त्या नळ्यांत आतून चढतो. मागे एक जुना रेडिएटर मी कापून उघडला. पंधरा नळ्या मोजल्या, त्यातल्या सहांमधून उजेडच दिसत नव्हता. गाडीमालक सांगत होते, रेडिएटर कधीच गळला नाही. बरोबर आहे. गळायला आत पाणी जायला हवं.

पाणी फक्त क्षारच आणत नाही. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, पाण्यात नसतात. शिवाय निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावरही साधारण १०६-१०७ अंशांना उकळतं, म्हणजे साध्या पाण्याहून सहा-सात अंश वर. ‘कूलंट थंडीच्या देशातलं, इथे बर्फ कुठे पडतो’ असं म्हणणाऱ्यांनी हे अंश मोजावेत. पण नुसतं शुद्ध कूलंटही ओतू नका. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस, म्हणून मिश्रण. तयार मिसळलेलं मिळतं ते सोपं.

किती दिवसांनी बदलायचं? गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट दोन वर्षांच्या आसपास संपतं, लांब टिकणारं पाच वर्षांपर्यंत जातं. रंगावरून जात ओळखू नका, कंपन्या हवा तो रंग टाकतात. दोन जाती मिसळल्या की कधीकधी गाळ तयार होतो.

८. आरओचं पाणी चालेल का? आणि घरच्या एसीचं, जे आम्ही इन्व्हर्टरमध्ये टाकतो?

अडचणीत आरओचं चालेल, बोअरपेक्षा शंभरपट बरं. एसीच्या पाण्यात क्षार नसतात हे खरं, पण ते धुळीने भरलेल्या जाळीवरून आणि ट्रेमधून येतं. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड पाण्याचा कॅन स्वस्तात मिळतो, तर ही काटकसर कशासाठी?

९. रेडिएटरमध्ये हळद टाकली की गळती थांबते म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, थांबते. ट्रक ड्रायव्हरांची जुनी युक्ती. हळद फुगते, छिद्रात जाऊन बसते. पण हळदीला कसं कळणार की कोणतं छिद्र गळतीचं आणि कोणती नळी कामाची? ती दोन्हीकडे बसते. हीटरच्या बारीक नळ्या आधी जातात. दुकानात मिळणारी गळती-बंद पावडरही याच वर्गातली. रात्री दोन वाजता, जंगलातल्या रस्त्यावर, घरी पोचण्यापुरती टाकली तर मी रागावणार नाही. नंतर सगळं फ्लश करून घ्यायचं, आणि मेकॅनिकला सांगायचं की टाकली होती. लोक सांगत नाहीत, मग पिवळं पाणी बघून आम्हीच ओळखतो.

१०. दुरुस्त करायचा की नवा टाकायचा?

तांब्याचा असेल तर दुरुस्त करा, झाळणारा कारागीर मिळाला तर. अॅल्युमिनियमचा असेल आणि प्लास्टिकच्या टाकीला तडा गेला असेल तर नवा. एम-सील लावून आलेले पुष्कळ बघितले. उष्णतेने प्लास्टिक रोज फुगतं-आकसतं, एम-सील नाही, चार दिवसांत सुटतं. फक्त टाकी आणि जाळीमधलं रबर गेलं असेल, तर काही कारागीर कडा उघडून ते बदलून देतात; गाडी जुनी नसेल तर करून बघायला हरकत नाही. नवा टाकताना झाकण, दोन्ही होज पाइप आणि क्लिपाही बदला. रेडिएटर नवा आणि पाइप दहा वर्षांचा असला की दाब नवा मिळतो आणि जुना पाइप फाटतो.

११. नवा रेडिएटर टाकला तरी गाडी गरम होऊनच राहिली. काहून?

कारण दोष रेडिएटरचा नव्हता, किंवा एकट्याचा नव्हता. स्वस्तापासून सुरू करा.

झाकण. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब आहे. स्प्रिंग ढिली झाली की दाब धरत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. काहीशे रुपयांची वस्तू, पण शेवटी आठवते. मग हवा: कूलंट भरताना यंत्रणेत हवा अडकली, एअर लॉक झाला, तर फिरणंच थांबतं. हवा काढायचा स्क्रू अनेक गाड्यांत असतो, तो सोडून भरावं लागतं. मग थर्मोस्टॅट. “आपल्याकडे थंडी कुठे, काढूनच टाकू” हा सल्ला नागपुरात सर्रास मिळतो. काढल्याने इंजिन नको तितकं थंड चालतं, पेट्रोल जास्त जातं, आणि काही इंजिनांत कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत जातं, म्हणजे उलट जास्त तापतं. नवा बसवा. त्यानंतर वॉटर बॉडी. आणि हे सगळं ठीक असेल तर प्रश्न १२.

१२. कुठेच गळत नाही, फरशी कोरडी, तरी बाटली रिकामी होते.

तीन शक्यता. पहिली, गळती आहे पण इंजिन गरम असतानाच होते आणि उन्हात पडल्या पडल्या वाळते. पापुद्र्याचे डाग शोधा. दुसरी, डॅशबोर्डमागचा हीटर गळतोय: डावीकडच्या पायपुसण्याखालचा गालिचा ओला, काचेवर आतून चिकट धुकं, केबिनमध्ये गोड वास. आपल्याकडे हीटर वर्षात पंधरा दिवस लागतो, म्हणून हे महिनोन्महिने लक्षात येत नाही.

तिसरी वाईट: हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन यांच्यामधलं सील) गेलंय आणि कूलंट सिलिंडरमध्ये जळतंय. सकाळी थंड गाडीचं झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा. बुडबुडे येतच राहिले, एक्झॉस्टमधून पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही, किंवा ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर दिसला, तर गाडी बंद. हिवाळ्याच्या सकाळी थोडी वाफ सगळ्याच गाड्यांतून निघते, त्याने घाबरू नका. साय थोडीशी असेल आणि गाडी रोज दोन किलोमीटरच चालत असेल तर तीही नुसती ओल असू शकते. म्हणून एका खुणेवर हेड उघडायला देऊ नका. कूलंटमध्ये धुराचा अंश आहे का, हे रंग बदलणाऱ्या द्रावणाने तपासता येतं. ती तपासणी आधी मागा.

१३. काटा चढला होता, मग आपोआप एकदम खाली आला. म्हणजे ठीक झालं ना?

नाही, हीच सगळ्यात फसवी खूण. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंटच संपलं की तो कोरडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो, आत इंजिन भाजत असताना. हीटर लावा, गरम हवेऐवजी बाहेरच्यासारखीच हवा आली तर आत पाणी नाही. त्याच क्षणी बंद करा.

१४. ऑटोमॅटिक, सीएनजी आणि इलेक्ट्रिक गाडीत वेगळं काही?

बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरच्या टाकीतूनच गार होऊन जातं. आतला पडदा फुटला की दोन्ही मिसळतात आणि बाटलीत स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं काहीतरी दिसतं. एक किलोमीटरही चालवू नका, टो करा.

सीएनजीत रेड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गोठू नये म्हणून कूलंटची एक फेरी त्याच्यातून नेलेली असते. किट नंतर बसवलेलं असेल तर ते जादा जोड गळतात. सीएनजीवर गाडी झटके देते, पेट्रोलवर ठीक, आणि रेड्युसरवर दव किंवा बर्फ दिसतो, तर आधी कूलंट बघा.

इलेक्ट्रिक गाड्यांतही बॅटरी आणि मोटर थंड ठेवायला बहुधा रेडिएटर असतो. त्यात कंपनीचंच कूलंट, आणि घरी हात लावायचा नाही.

१५. थंडीत घरात लावतो त्या ऑइल हीटरलाही रेडिएटर म्हणतात. तो गेला हे कसं कळतं?

डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ वर आला तेव्हापासून हा प्रश्नही यादीत आला. सुरू करताना टिकटिक आवाज येणं नेहमीचं आहे, धातू फुगतो. आडवा ठेवलेला असेल तर उभा करून थोडा वेळ थांबा आणि मग लावा. पण पायाशी तेलाचा डाग, जळका वास, किंवा प्लग हाताला चटका देण्याइतका गरम, यांतलं काही दिसलं तर बंद. आतलं तेल कायमचं सीलबंद असतं, ते भरायचं नसतं. आणि हा १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा, एक्स्टेन्शनवर नाही.

१६. जुनी गाडी घ्यायची आहे. विकणाऱ्याने रेडिएटरचं दुखणं झाकलंय का, कसं बघू?

आदल्या दिवशी सांगा, “मी येण्याआधी गाडी सुरू करू नका.” पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर का, ते विचारा. झाकण उघडून बोट आत फिरवा: गंजाचा तपकिरी चिखल, तेलाचा तवंग, पिवळा गाळ (प्रश्न ९). बाटली आतून काळपट आणि कूलंट मात्र कोरं, चकचकीत हिरवं असेल तर ते काल भरलंय. मग एसी पूर्ण लावून, दुपारी तीन वाजता, गाडी एका जागी वीस मिनिटं चालू ठेवा आणि मालकाला चहा पिऊन येऊ म्हणा. ज्याला रेडिएटरचं माहीत आहे तो चहाला येत नाही, गाडीपाशीच घुटमळतो.